चार दात

दिघीच्या कोळीवाड्यात एखाद्या बाईला गाव सोडून जायचं असलं, की तिनं कुठे जावं हे तिच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक असतं. काशी कोळीण निघाली त्या वेळी तर अख्ख्या आळीत दोन तट पडले होते. अर्धी आळी मुंबईच्या बाजूची, अर्धी कराचीच्या. ज्यांनी दोन्हींतलं एकही शहर पाहिलं नव्हतं त्यांचा आवाज सगळ्यात मोठा.

मिठाच्या सत्याग्रहाची गडबड झाली त्याच्या पुढल्या वैशाखातली ही गोष्ट. दर्या बंद व्हायला आला होता. सुपारी भरून कराचीला जाणारी शेवटची फतेमारी खाडीत नांगरून पडली होती आणि मुंबईच्या आगबोटीच्याही थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या. एकदा वारा फिरला की नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी कुठे जायचं नाही. काशीला त्याच्या आत निघायचं होतं. का, ते आळीला ठाऊक होतं, आणि त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

आदल्या आषाढात तिचा धाकटा, सदा, तापानं फणफणला. चैत्रातला जन्म, मान नुकती सावरली होती. दवाखाना पलीकडे मुरुडला, मध्ये खाडी, आणि खाडीला असं उधाण की आगरदांड्याची तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, सुटेना. काशी पोराला पदराखाली घेऊन धक्क्यावर बसून राहिली. तरवाल्याच्या पाया पडली. तो बिचारा रडला, पण त्यानं होडी घातली नाही, आणि घालायला नको होती हेही तितकंच खरं. दुसऱ्या दिवशी वारा पडला. तोवर दवाखान्यात जायची गरज उरली नव्हती.

त्या दिवशी काशीनं एक गोष्ट मनाशी पक्की केली. उरलेली दोन पोरं, सात वर्षांची रतन आणि चार वर्षांचा रघू, पुढचा पावसाळा खाडीच्या अलीकडे काढणार नाहीत. जिथे होडीवाचून डॉक्टर गाठता येतो अशा ठिकाणी ती राहतील. मग ते शहर कुठलं का असेना. आणि आता एकदम दोन शहरं समोर येऊन उभी राहिली होती. मुंबईला तिचा भाऊ होता. कराचीला नवरा.

इथे आमच्या आळीची एक रीत सांगायला हवी. दर्यावरच्या माणसाला काळा निरोप द्यायचा नाही. घरात कुणी मेलं, कुणी अंथरुणाला खिळलं, तरी तो गडी आपल्या वाळूत पाय टेकेपर्यंत त्याला सगळं गोडच सांगायचं. मरणाची बातमी कुठलाही तांडेल होडीत घेत नाही. घेतली तर होडी परत येत नाही अशी पक्की समजूत. टपालानं कळवावं, तर टपालही बोटीनंच जाणार. काशीचा नवरा रावजी दोन वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमा करून गेला तो कराचीच्या बंदरात लाँचवर लागला. त्या कामाला पावसाळ्याची सुट्टी नाही, म्हणून तो मध्यंतरी आला नव्हता. पाण्यावरचा माणूस म्हणजे त्यालाही तीच रीत लागू. तो गेला तेव्हा सदा पोटात होता. मुलगा झाल्याचा निरोप त्याला पोचला. पुढचा पोचला नाही. कार्तिकात फतेमारी आली तेव्हा काशीनं डोळे पुसून सांगितलं, "तिघं पोरं बरी हायत म्हनावं." आणि आळीनं माना डोलावल्या. मला विचाराल तर ही रीत ज्यानं काढली त्याची बायको कधी एकटी मागे राहिली नसणार.

तोच निरोप नेणारा दयाराम तांडेल आता परत आला होता. मूळचा बाणकोटचा म्हातारा, दिघीत फक्त माल भरण्यापुरता उतरणारा. आळीतलं त्याला काही माहीत नव्हतं, आणि कुणी ते त्याच्या कानावर घालणारही नव्हतं. सकाळी तो काशीच्या दारात आला आणि खांद्यावरचं गाठोडं त्यानं ओट्यावर ठेवलं.

"बाय, तुज्या घोवानं सांगितलंय, बायकोला आन् तिन्ही पोरांना घेऊन ये. खोली मिळाली हाय त्याला. नळ दाराशी. हवा कोरडी, अंग चिकचिकत न्हाय. उद्या दुपारच्या ओहोटीला मी निघनार. हे त्यानं दिलंय."

गाठोड्यात एक झोळी निघाली. जाळ्याच्या सुताची, हातानं विणलेली. तान्ह्या पोराचं बोट अडकू नये म्हणून घरं अगदी बारीक धरलेली, आणि काठाला लाल कापड शिवलेलं. जमलेल्या बायका वाकून बघायला लागल्या आणि एकेक करून मागे सरल्या. एरवी पुरुषाच्या हातचं शिवणकाम बघून ह्याच बायकांनी रावजीची उभी-आडवी टिंगल केली असती.

"सबंध थंडी विनत हुता," दयाराम हसला. "होडीत पोर खालीवर झालं तर रडंल म्हनून. धाकला कुठाय? दिसत न्हाय."

काशी झोळीची घडी घालायला लागली. तिची सासू भागुबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती म्हणाली, "निजला हाय."

"निजू दे, निजू दे," म्हणत तांडेल गेला.

काशीचा थोरला भाऊ शिवदास तिला न्यायला आदल्याच दिवशी आगबोटीनं आला होता. मुंबईत गोदीत कामाला, माझगावात एका खोलीत बायको-पोरांसकट राहणारा. तांडेल वळणाआड जाईपर्यंत तो थांबला.

"आता उगाच डोकं फिरवू नको," तो म्हणाला. "उद्या आगबोट हाय. माझ्याबरोबर चलायचं."

"तुज्या एका खोलीत? तुमी पाच आन् आमी तीन?"

"मी गॅलरीत निजीन. माणसं ऱ्हातात, काशे, मुंबईत अशीच ऱ्हातात. तुजी वहिनी तुला बाजारात बसवील. गल्लीच्या तोंडाशी शाळा हाय. आन् इस्पितळ चालत जायाच्या वाटंवर. पोर उचललं की गेलो."

इस्पितळाचं नाव निघालं तशी काशीची नजर खाडीकडे गेली. शिवदासच्या ते ध्यानात आलं, आणि त्यानं तिथेच जोर लावला.

"कराचीला असंल इस्पितळ. पन पोर आजारी पडलं आन् घोव लाँचवर गेलेला असला, तर हाक कुनाला मारशील? तिथली भाषा येते तुला? हितं खाडी आडवी आली. तिथून मला बोलवायचं तर आख्खा दर्या आडवा यील."

ह्यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून तर काशीला त्याचा राग आला. मुंबई तिनं पाहिली होती. वहिनीच्या बाळंतपणाला ती पोरांना घेऊन गेली होती, तेव्हा गिरणीच्या धुरानं रघू असा खोकायला लागला की दिघीला परत येईपर्यंत त्याची छाती वाजत होती. खोलीत भांडं ठेवायला जागा नाही, नळाला पाणी यायची वाट बघत बायका ताटकळलेल्या. पण तिथे भाऊ होता, दाराबाहेर आपल्या बोलीत भांडणाऱ्या बायका होत्या, आणि शिमग्याला गावी येता येत होतं. कराचीला कोरडी हवा, दाराशी नळ आणि पोरांचा बाप. बापाला बघून रघू लाजेल. त्याला तो आठवतही नव्हता. एका शहरात पोराची छाती, दुसऱ्यात हाकेला माणूस. कुठलं धरावं आणि कुठलं सोडावं हे तिला सुचेना.

"आन् त्याला सांगनार काय?" शिवदासनं विचारलं.

"कुनाला?"

"कुनाला काय? रावजीला. होडीतून दोन पोरं उतरली की तो इचारनार. तू मुंबईला चल. कंदीतरी तो गावी यील, वाळूत पाय टेकंल, मग काय ते गाव सांगंल. तुला त्वांड उघडाया नको. आन् त्यानं तर पोराला बघितलं पन न्हाय. बघितलं न्हाय त्याचं दुःख किती व्हनार?"

काशीनं हातातली झोळी त्याच्या तोंडावर फेकली.

"बघ ही! न बघता विनलीय त्यानं! एवढी बारीक गाठ त्यानं जाळ्याला तरी कंदी घातली हुती का?"

शिवदासनं झोळी उचलली, घडी केली आणि ओट्यावर ठेवली. त्याचा चेहरा उतरला होता, पण बोलणं खाली आलं नाही. "तुजी दोन पोरं मी दर्यापार जाऊ देनार न्हाय. कराचीचं नाव काढलंस तर तांडेलाला जाऊन सांगीन, सदा गेला म्हनून. मग तो तुला होडीच्या लाकडाला हात लावू देतो का बघ."

हा माणूस वाईट नव्हता. सदा गेल्याचं कळलं तेव्हा पावसाळ्यात, चिखलातून, डोंगराच्या वाटेनं तो मजल दरमजल करत दिघीला आला होता. बहिणीला एकटीला तसं बसलेलं त्यानं पाहिलं होतं, आणि पुन्हा पाहायची त्याची तयारी नव्हती. पण प्रेमानं माणूस दांडगाई करतो तेव्हा त्याच्याशी भांडणं सगळ्यात अवघड जातं.

दुपार कलल्यावर काशी मासळी वाळत घातली होती तिकडे गेली. भागुबाई सुके बोंबील काढत होती. दोघी शेजारी शेजारी काम करत राहिल्या. भागुबाई धाकट्या लेकाकडे मागे राहणार होती, ते ठरलेलंच होतं.

"आये, तुमाला काय वाटतं?" काशीनं विचारलं.

"माजं कोन ऐकतंय."

"मी ऐकतेय."

भागुबाईनं हातातला बोंबील टोपलीत टाकला. "मुंबईला जा."

काशीला वाटलं होतं, रावजीची आई आपल्या लेकाकडे जा म्हणेल. ती बघतच राहिली.

"माजा नातू ह्या गावात कुनासाठी जिता न्हाय," भागुबाई म्हणाली. "तुज्यासाठी न्हाय, माज्यासाठी न्हाय. एक माज्या लेकासाठी तेवढा जिता हाय. रोज काम करून यतो, आन् त्याच्यासाठी झोळी विनतो. तू तिथं जाऊन त्याला मारनार व्हय गो? राहू दे. जितके दिस राहंल तितके राहू दे."

ती रडत नव्हती. काशीलाच रडू कोसळलं, आणि सासूनं तिला जवळ घेतलं नाही. पुढचा बोंबील उचलला.

खरं सांगायचं तर काशीला मुंबई हवीशी वाटायला लागली होती ती इस्पितळासाठी नव्हे की शाळेसाठी नव्हे. मुंबईला गेलं की रावजीपुढे उभं राहावं लागणार नव्हतं, म्हणून. कार्तिकात तिनं स्वतःच्या तोंडानं "तिघं बरी हायत" म्हटलं होतं. ते खोटं रीतीचं होतं, आळीचं होतं, पण तोंड तिचं होतं. त्याच तोंडानं आता उलटं सांगायचं, तेही तो झोळी पाठवून वाट बघत असताना, हे तिच्यानं होणार नव्हतं. मुंबई म्हणजे पळवाट होती, आणि ती पळवाट तिला भाऊ दाखवत होता, सासू दाखवत होती. आता फक्त निघायचं बाकी होतं.

"जाते मुंबईला," तिनं घरी येऊन शिवदासला सांगितलं. त्यानं सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच रघूला खांद्यावर घेऊन धक्का दाखवायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी आळी वाळूत जमली. आगबोट खाडीच्या मध्यावर येऊन उभी होती आणि तिच्याकडे माणसं नेणारा पडाव भरत होता. जरा बाजूला दयाराम तांडेलाची फतेमारी काठाला लागली होती. तिच्यात शेवटची सुपारीची पोती चढत होती. ओहोटीला सुरुवात झाली होती. दोघांनाही घाई.

शिवदासनं गाठोडी पडावात टाकली. काशीनं रतनचा हात धरला आणि दुसऱ्या हातात झोळी घेऊन ती तांडेलाकडे गेली. घरून निघताना तिनं बोलायचं सगळं मनाशी घोकलं होतं.

"मामा, मी मुंबईला चाललेय. भावाकडं. त्यांना सांगा, हंगाम सुरू झाला की यिऊन भेटा. ही झोळी परत न्या. मुंबईला काय तिची गरज न्हाय."

तांडेलानं पोत्यावरून खाली उडी घेतली. "अगो, मी दोन मानसांची जागा सोडून ठेवलीय तुला! रावजी मला काय म्हनंल?"

"सांगा, पोरं बरी हायत."

"ते तर मी सांगीनच. पन तो तेवढ्यावर सोडतो व्हय मला?" दयाराम हसायला लागला. "गेल्या खेपेला मी म्हटलं, तिघं बरी हायत. तर म्हनतो, धाकला कसा हाय? मी काय बघितला हुता? मी म्हटलं, गुटगुटीत. मग इचारतो, दात आले का? मी म्हटलं, चार. एवढा खूश झाला म्हनून सांगू! दोन दिस भेटंल त्याला सांगत सुटला, चार दात आले, चार दात आले. आमी त्याला आता चारदात्याचा बाप म्हनूनच हाक मारतो."

काशीच्या हातातली झोळी खाली आली. रतन आईच्या तोंडाकडे बघायला लागली.

"आता ह्या खेपेला इचारनार, चालतो का," तांडेल म्हणाला. "काय सांगू? चालतो म्हनू? वर्साचा झाला ना? की त्याला आन हिकडं, एकदा बघू दे. म्हंजे मला मनचं काय सांगाया नको."

पोती चढवणारे गडी दिघीचेच होते. ते पोती खांद्यावर घेऊन तसेच थांबले. भागुबाई डोळे मिटून उभी राहिली. पडावाजवळून शिवदासनं हाक मारली, "काशे, चल, पडाव सुटतोय!"

काशी हलली नाही. तिला तिचा सदा दिसला, पण आषाढातला नव्हे. कराचीतला. मार्गशीर्षात त्याला चार दात आले होते. आता वैशाखात तो चालायला लागणार होता. नारळी पौर्णिमेनंतर पहिली फतेमारी जाईल तेव्हा तो बोलेल. मग पडेल, धडपडेल, खोड्या करील, त्याचं जावळ निघेल, आणि प्रत्येक हंगामाला कुठला तरी तांडेल, मनानं चांगला, त्याच्याबद्दल एखादी गोड गोष्ट रचून रावजीला देईल. रावजी ती बंदरभर सांगत सुटेल. लोक त्याला त्या पोराच्या नावानं हाक मारतील. असा तो वाढत वाढत जाईल, आणि एक दिवस रावजी ह्या वाळूत पाय टेकेल तेव्हा त्याला तीन-चार वर्षांचा मुलगा एकाच क्षणी पुरायला लागेल. सासू म्हणाली होती, जिता राहू दे. पण हे जगणं नव्हतं. ही त्या माणसाची सगळ्यांनी मिळून चालवलेली थट्टा होती, आणि तिची सुरुवात काशीनं करून दिली होती.

"चालत न्हाय," ती म्हणाली.

"आँ? मग रांगतो?"

"काशे!" शिवदास पाण्यातून धावत येत होता.

"मामा, सदा न्हाय. गेल्या आषाढात गेला. तुमी कार्तिकात आलात त्याच्या आधीच गेला हुता. मीच तुमाला खोटं सांगितलं."

दयाराम तांडेल दोन पावलं मागे सरला. त्यानं आधी होडीकडे पाहिलं, तिला ते ऐकू गेलं की काय असं बघावं तसं. मग त्याच्या कपाळाची शीर ताठ झाली.

"हे मला सांगायचं न्हवतं," तो म्हणाला. "हे तू मला वाळूत उभी राहून सांगायचं न्हवतंस, बाय! माजी होडी पाण्यात हाय. माज्या भरवशावर सात गडी हायत."

"निरोप तुमी नेऊ नका. मी नेते. मला न्या."

"मानूस आन् निरोप येगळा व्हतो व्हय?"

"मग सांगा त्यांना, चालतो म्हनून," काशी एकदम ओरडली. "सांगा! तुमीच दात दिलेत त्याला, तर आता पाय पन द्या! पुढच्या खेपेला शाळंत घाला! मी इचारते, कुठवर सांगनार? कोन थांबवनार हे?"

तांडेलाचा हात नकळत तोंडाशी गेला. चार दात त्यानं नुसते सहज सांगितले होते, एका माणसाला बरं वाटावं म्हणून. ते आता त्याच्या घशात अडकले होते.

शिवदास येऊन पोचला होता. जे सांगायची त्यानं धमकी दिली होती ते तिनंच सांगून टाकलं होतं. आता त्याच्याकडे काही उरलं नाही. "चल," तो म्हणाला, पण त्या म्हणण्यात दम नव्हता.

"दादा, पोरांना मुंबईत तू हायस, ते खरं हाय," काशी म्हणाली. "पन त्यांच्या बापाला कराचीत कोन हाय? त्याला हे परक्याच्या तोंडून कळलं, तर तो मला कंदी पोरांची आई म्हननार न्हाय. मी पन म्हननार न्हाय."

आगबोटीनं भोंगा दिला. रघू घाबरून शिवदासच्या पायाला बिलगला. पडाववाला शिव्या देत होता, आणि इकडे ओहोटीचं पाणी होडीच्या बुडाखालून सरकत चाललं होतं. सगळे आता तांडेलाच्या तोंडाकडे बघत होते.

दयारामनं डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं आणि पुन्हा बांधलं. "एक गोष्ट ऐक," तो काशीला म्हणाला. "कराचीत नांगर पडंस्तवर माज्या होडीत त्याचं नाव निघता कामा न्हाय. तू न्हाय, पोरांनी न्हाय. रडायचं बी न्हाय. नांगर पडला की तू मोकळी, मी मोकळा. कबूल असंल तर चढ. न्हायतर मला जाऊ दे."

"कबूल."

शिवदास वळला, पडावातली गाठोडी काढून आणली आणि तांडेलाच्या होडीत एकेक करून नीट रचली. त्यानं रतनला उचलून ठेवलं. रघूला ठेवताना त्याला जरा जास्त वेळ लागला.

"न्हाय पटलं तर मुंबईला निघून ये," तो काशीला म्हणाला. "मी गॅलरीतली जागा कुनाला देनार न्हाय."

भागुबाई पाण्यापर्यंत आली होती. तिनं सुनेच्या हातात सुक्या बोंबलाची पुरचुंडी दिली. "त्याला आवडतात," एवढंच बोलली, आणि मग, होडी सुटल्यावर, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ओरडली, "हळू सांग गो त्याला!"

फतेमारीवरचे ते दिवस काशीनं कसे काढले ते तिनं नंतर कुणाला फारसं सांगितलं नाही. रतन समजूतदार. तिनं तोंडाला कुलूप लावून घेतलं. रघूला एवढंच सांगितलं होतं की धाकट्याचं नाव काढलं तर वारा पडतो. एकदा खरोखरच वारा पडला, तेव्हा पोरगं भेदरून रडायला लागलं, "मी न्हाय काढलं, मी न्हाय काढलं." खलाशांनी तोंडं फिरवली. काशीनं त्याला पोटाशी धरलं आणि कबूल केल्याप्रमाणे ती रडली नाही. झोळी तिनं उशाखाली घातली होती.

कराचीचं बंदर दिसलं ते सकाळी. पाण्यावर नुसता उजेड, झाड म्हणून नाही. फतेमारी आत शिरत होती तोच एक लाँच धूर सोडत समोरून आली. लाँचच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, एक माणूस उभा होता. तो दोन्ही हात हलवत होता. रघूनं विचारलं, "तो कोन?" रतन म्हणाली, "बाबा."

रावजी वाळला होता. कानाजवळचे केस पांढरे झाले होते, आणि तोंडभर हसू. लाँच इतकी जवळ आली की त्याचा आवाज स्पष्ट ऐकू यायला लागला.

"रतन! केवढी झालीस गो! आन् हा रघू काय? हा?" मग त्याची नजर काशीवर आली, तिच्या हातांवर गेली आणि तिच्या पायांशी शोधत राहिली. "धाकला कुठाय? झोळीत निजला व्हय? चालतो का गो तो?"

काशीनं ओठ घट्ट मिटून घेतले. शब्द अगदी तोंडापर्यंत आला होता. सुकाणूवरून दयाराम तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काशे? इचारतोय मी, चालतो का?"

"नांगर!" तांडेल ओरडला. "टाका नांगर! अरे, लवकर टाका!"

नांगर पाण्यात पडला. रावजी अजून हसत होता. काशीनं झोळी पोटाशी धरली, फतेमारीच्या कडेशी आली आणि त्याच्याकडे हात पुढे केला.

"आधी वर या," ती म्हणाली. "माजा हात धरा. मी सांगते."